अंगण खरोखरच वाकडे आहे

प्रति,
मा. कुलगुरू महोदय,
तसेच व्यवस्थापन परिषद व विद्या परिषदेचे सर्व मा. सदस्य

विषय : घसरलेला निकाल, सायंकाळी सहाला बंद होणारा वाचनकक्ष आणि या दोहोंचा संबंध

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात विद्यापीठाची दोन परिपत्रके चार दिवसांच्या अंतराने निघाली. पहिल्यात म्हटले आहे की मध्यवर्ती ग्रंथालयाचा वाचनकक्ष, जो आजवर रात्री अकरापर्यंत उघडा असे, तो 'मनुष्यबळाची कमतरता व वीजबचत' या कारणांस्तव यापुढे सायंकाळी सहाला बंद होईल. शिवाय प्रत्येक सत्र परीक्षेनंतर उत्तरपत्रिका तपासणीसाठी, म्हणजे कॅपसाठी, हा कक्ष महिनाभर पूर्णवेळ ताब्यात घेतला जाईल. दुसऱ्यात म्हटले आहे की पदवी परीक्षांचा निकाल घसरल्यामुळे त्याची कारणे शोधायला समिती नेमली आहे. कारणे शोधायला समिती नेमणाऱ्या त्या परिपत्रकातच कारणेही देऊन टाकली आहेत : मोबाइलचा अतिवापर, वर्गातील अनुपस्थिती आणि विद्यार्थ्यांमधील गांभीर्याचा अभाव. उपायही ठरले आहेत. समुपदेशन शिबिर आणि पालकांना एसएमएस.

दोन्ही कागदांवर सही एकाच अधिकाऱ्याची आहे. तरीही या कागदाचा त्या कागदाशी काही संबंध असेल, अशी शंका सही करताना कुणाला आली नाही. मला आली, म्हणून लिहितो आहे.

परवाच्या एका जाहीर कार्यक्रमात परिषदेचे एक सदस्य म्हणाले, "सोयी नाहीत म्हणून रडणाऱ्या मुलांचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं." सभागृहात टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. मला टाळी वाजवता आली नाही, कारण त्या अंगणात मी ३१ वर्षे केर काढला आहे आणि ते किती वाकडे आहे हे मला पावलापावलाने माहीत आहे.

मी या विद्यापीठाच्या ग्रंथालयात परिचर म्हणून लागलो आणि देवघेव विभागातून ग्रंथालय सहायक म्हणून निवृत्त झालो. त्याला तीन वर्षे झाली. मी प्राध्यापक नाही, शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच. पण प्राध्यापकाला विद्यार्थी तासाभरापुरता दिसतो. आम्हा काउंटरवरच्या माणसांना तो दिवसभर दिसतो : पुस्तक मागताना, ते न मिळाल्याने परत जाताना, टेबलावर डोके टेकून झोपलेला, निकालाच्या दिवशी जिन्याखाली एकटाच उभा राहिलेला. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि इतर वाचकांना आपापले विद्यापीठ आठवेल याची मला खात्री आहे.

माझे घर मागच्या फाटकासमोर आहे. वाचनकक्ष सहाला बंद होऊ लागल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन मुले दारात आली. "काका, ओट्यावर बसू का? बाहेरचा दिवा तेवढा चालू ठेवाल का?" आता सात-आठ जण असतात. आमच्या सौ.नी ओट्यावर माठ भरून ठेवायला सुरुवात केली आहे. त्यांतला एक मुलगा गावात कॉट बेसिसवर राहतो. दहा बाय दहाच्या खोलीत चौघे, आणि त्यांतले दोघे रात्रपाळीला जाणारे, म्हणजे दिवसा दिवा लावायची चोरी. त्याने गावातल्या खासगी अभ्यासिकेत चौकशी केली होती. महिन्याची फी ऐकून परत आला, कारण त्या पैशांत त्याचा निम्मा डबा येतो. दुसरा एक रोज एसटीने ये-जा करतो, घरी सहा माणसांत एक खोली आणि एक टीव्ही. ही मुले ओट्यावर येतात ती हौस म्हणून नव्हे. त्यांना दुसरीकडे जागाच नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यावरच उभे आहे. हुशार आणि घरचे बरे असलेले मूल कुठेही पास होते. त्याला विद्यापीठाने काही दिले नाही तरी ते क्लासला जाईल, पुस्तके विकत घेईल, स्वतःच्या खोलीत पंख्याखाली बसेल. विद्यापीठाच्या खुर्चीची, पंख्याची, पुस्तकाच्या एका जादा प्रतीची खरी गरज असते ती काठावरच्या मुलाला. चाळीस गुणांच्या अल्याड की पल्याड, हे त्याच्या बाबतीत अनेकदा डोक्यापेक्षा जागेवर ठरते. निकालाची टक्केवारी वरखाली होते ती याच मुलांमुळे. पहिल्या वर्गात येणारे दरवर्षी येतातच.

हे काही मी शोधून काढलेले नाही. महाराष्ट्राला ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी कळली होती. फी माफ केली, शिष्यवृत्ती दिली, तरी खेड्यातला मुलगा शिकायला कोल्हापुरात येऊन राहणार कुठे, हा प्रश्न राजर्षी शाहूंना पडला आणि १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. मग एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांगच लागली. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वेगवेगळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली ती भाषण देण्यासाठी नव्हे, त्यांनी शिकावे म्हणून. बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा नागसेनवनात वर्गांच्या बरोबरीने वसतिगृहांचा विचार झाला. या तिघांच्याही तसबिरी आपल्या दालनात आहेत. त्यांच्यापैकी कुणी मुलांना गांभीर्याचा अभाव आहे म्हणून समुपदेशन शिबिर घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. आधी जागा दिली, जेवण दिले, दिवा दिला, मग अभ्यासाचा हिशेब मागितला.

आता तक्रारी. वाचनकक्षापासूनच सुरू करतो, कारण तो विषय मला जवळचा आहे आणि तिथे थोडे जास्त रेंगाळलो तर माफ करावे.

वीजबचतीचे कारण मला पटलेले नाही. मुख्य प्रवेशद्वारावरची रंगीत रोषणाई रात्रभर सुरू असते, हे मी रोज रात्री ओट्यावरून पाहतो. मनुष्यबळाचे कारण अर्धे खरे आहे. माझ्यासारखे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. पण रात्रीच्या वाचनकक्षाला तज्ज्ञ ग्रंथपाल लागत नाही. दारात एक माणूस आणि आत एक माणूस पुरतो. आपल्याकडे कमवा व शिका योजना आहे. त्या योजनेतली मुले सध्या बागेला पाणी घालतात आणि टपालावर शिक्के मारतात. त्यांतल्या चौघांना आलटून पालटून वाचनकक्षाची पाळी द्या. त्यांना पैसे मिळतील, बसायला जागा मिळेल आणि कक्ष अकरापर्यंत उघडा राहील. यासाठी समिती लागत नाही, एक टिपण लागते.

कॅपचे तर मला नवल वाटते. उत्तरपत्रिका तपासायला विद्यापीठाकडे दुसरे सभागृह नाही असे नाही. पण वाचनकक्षात टेबले तयार असतात, पंखे चालू असतात, म्हणून तो सोयीचा पडतो. आमच्या वेळीही दोनदा हे झाले होते. तेव्हा दारावर 'प्रवेश बंद' अशी पाटी लागली आणि ज्यांना पुरवणी परीक्षा द्यायची होती ती मुले पोर्चच्या पायऱ्यांवर वह्या उघडून बसली. आत प्राध्यापक त्यांचेच पेपर तपासत होते. नापास का झाला याचे उत्तर दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसलेले होते, पण विचारायला कुणाला सवड नव्हती.

एक युक्तिवाद मला हमखास ऐकवला जातो : आता सगळे ऑनलाइन आहे, वाचनकक्ष हवा कशाला? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, १३,००० च्या आसपास शोधनियतकालिके. संशोधकांसाठी ही मोठीच गोष्ट आहे आणि मी नोकरीत असतो तर पेढे वाटले असते. पण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला शोधनिबंध नको आहे. त्याला लेखी गणिते सोडवायला एक सपाट टेबल हवे आहे. सहा इंची पडद्यावर, कॉटवर आडवे पडून, शेजाऱ्याच्या घोरण्याच्या साथीने अभ्यास होत नाही. आणि गंमत पाहा, जो मोबाइल दुसऱ्या परिपत्रकात नापासाचे कारण आहे, तोच पहिल्या परिपत्रकाच्या समर्थनार्थ ग्रंथालय म्हणून पुढे केला जातो.

दुसरी तक्रार पुस्तकांची. दरवर्षी १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो आणि डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिलाच आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आपल्याकडे पुस्तके मार्चअखेरीस येतात, कारण निधी संपवायचा असतो. परीक्षा तोंडावर असते. पुस्तकांना दाखल क्रमांक पडून, शिक्के बसून ती मांडणीवर लागेपर्यंत सत्र संपते. खरेदीची यादी पुरवठादाराच्या सूचीवरून होते. मागणीच्या चिठ्ठ्यांची पेटी मी स्वतः उघडत असे आणि त्यातल्या चिठ्ठ्या वर पाठवत असे, त्यांचे पुढे काय होई ते कळले नाही. पहिल्या वर्षाच्या ज्या पाठ्यपुस्तकासाठी काउंटरवर रोज रांग लागे, त्याच्या चार प्रती. आणि काचेच्या कपाटात कुणी कधीच न उघडलेले जाडजूड संच, नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, समितीला दाखवायला.

नॅकचा विषय निघाला आहे तर एक कबुली देऊन टाकतो. समिती येणार म्हणून वरून निरोप आला आणि वाचकांच्या भेटीची नोंदवही मागच्या तारखा घालून आम्ही तिघांनी दोन रात्री बसून भरली. वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या अक्षरांत. त्या वहीप्रमाणे त्या वर्षी आमच्याकडे बसायला जागा नसेल इतकी गर्दी होती. याची मला आजही लाज वाटते. पण तेव्हा जे खोटे लिहिले तेच आज खरे झाले आहे : मुले येत आहेत आणि बसायला जागा नाही.

तिसरी तक्रार वर्गातल्या अनुपस्थितीबद्दल, पण मुलांच्या नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे वर्षाला प्रत्यक्ष अध्यापनाचे १८० दिवस भरायला हवेत. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, पहिले सत्र महिना-दीड महिना उशिरा सुरू होते, पण परीक्षेचे वेळापत्रक मात्र हलत नाही. म्हणजे कात्री लागते ती शिकवण्यालाच. त्यात निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर. ही माणसे मेहनती आहेत, बरीचशी आमच्याच ग्रंथालयात बसून नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, झालेली. पण त्यांना मानधन मिळते ते तासाचे. तास संपला की पुढच्या कॉलेजला जाणारी बस पकडायची असते. मुलाला शंका विचारायची तर तो स्टँडपर्यंत सरांबरोबर चालत जातो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, थट्टा नाही. ज्या विभागात शंका विचारायला शिक्षकाची खोलीच नाही, तिथे ७५ टक्के हजेरीचा एसएमएस पालकांना पाठवून काय साधणार आहे?

चौथी गोष्ट उन्हाची. आपल्या उन्हाळी परीक्षा एप्रिल-मे मध्ये, दुपारी दोन ते पाच. पारा ४२-४३ वर, वर पत्रा, तीन पंख्यांतला एक बंद, आणि घामाने उत्तरपत्रिका हाताला चिकटू नये म्हणून मनगटाखाली रुमाल. आपण याला सवयीची गोष्ट समजतो. पण उष्णतेने डोके मंदावते हे मोजून पाहिलेले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बोस्टन शहरात वसतिगृहांत राहणाऱ्या ४४ विद्यार्थ्यांची बारा दिवस रोज सकाळी उठल्याउठल्या छोटी चाचणी घेतली गेली. काहींच्या इमारतीत वातानुकूलन होते, काहींच्या नव्हते. वातानुकूलन नसलेल्या खोल्यांतल्या मुलांना उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला आणि साध्या बेरीज-वजाबाकीतले त्यांचे गुणही तितक्याच प्रमाणात कमी आले. आणि त्या 'गरम' खोल्यांचे तापमान किती होते? सरासरी २६ अंशांच्या आसपास. आपल्याकडे २६ अंश म्हणजे जानेवारीची दुपार. मी वातानुकूलन मागत नाही. परीक्षा सकाळी आठला घ्या एवढेच मागतो. याला खर्च शून्य आहे. खेड्यांतल्या मुलांना सकाळची एसटी मिळत नाही हे खरे, तर त्यांना जवळचे केंद्र निवडण्याची मुभा द्या.

निकालाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वर्तमानपत्रे पुष्कळ लिहितात. आपलाच २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम सांगतो की निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावावा. २०१७ साली ऑनलाइन तपासणीच्या घोळात मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले तेव्हा तिथल्या कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले होते, म्हणजे ही बाब गंभीर आहे हे राज्याने मान्य केलेले आहे. पण मला उशिराचा एक वेगळाच तोटा सांगायचा आहे. निकाल ही मुलासाठी शिकण्याची शेवटची पायरी असते. कुठे चुकले हे कळले तर पुढच्या वेळी सुधारणार. आपल्याकडे पहिल्या सत्राचा निकाल दुसरे सत्र संपत आल्यावर लागतो. पुनर्मूल्यांकनाचा निकाल त्याहून उशिरा, आणि तोवर बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याचा, फॉर्म विलंब शुल्कासह भरावा लागलेला असतो. माझ्या ओट्यावरच्या एका मुलाने ज्या विषयाचा फॉर्म भरला, पुन्हा अभ्यास केला, पेपरही दिला, त्यात तो पुनर्मूल्यांकनात आधीच पास झालेला निघाला. तो हसत होता. मला हसू आले नाही. त्या महिन्याभरात त्याने दुसऱ्या दोन विषयांना हात लावला नव्हता, आणि त्यांतल्या एकात तो खरोखरच गेला.

मुलींविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, कारण हे त्यांनी लिहायला हवे. पण तक्रारीवर आपले नाव येईल म्हणून त्या घाबरतात, माझे आता काही जायचे राहिलेले नाही. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सातला बंद होते, मुलांचे दहाला. वाचनकक्ष अकरापर्यंत होता तेव्हाही संध्याकाळी पावणेसातला अर्ध्या खुर्च्या एकदम रिकाम्या होत. इतिहासात एम.ए. करणारी एक मुलगी ओट्यावर येते, ती पुस्तकातून डोके वर काढते ते फक्त घड्याळाकडे पाहायला. सुरक्षिततेच्या नावाखाली वसतिगृहांत मुलींवर वेगळे नियम लादू नयेत, हे अनुदान आयोगाच्याच 'सक्षम' अहवालाने २०१३ साली सांगितले आहे. फाटकापासून ग्रंथालयापर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत, हे सातच्या नियमाचे कारण म्हणून सांगितले जाते. दिवे लावायचे सोडून मुलींना आत ठेवायचे, हा हिशेब मला कळत नाही. ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला वर्षातले किती दिवस कुलूप असे ते मी सांगू शकतो, पण त्यापेक्षा हे सांगतो : अनेक मुली दिवसभर पाणी पीत नसत. उन्हाळ्यातसुद्धा. अशा शरीराने चार तास वाचन कसे होते, याचे उत्तर समितीने शोधावे.

भाषेचा प्रश्न वेगळ्या पत्राचा आहे. एवढेच नोंदवतो की बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा इथे येऊन इंग्रजी पुस्तकापुढे बसतो आणि पहिले सहा महिने विषय शिकण्याऐवजी शब्द शोधण्यात घालवतो. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवले होते. ते पत्र आपल्याकडे आवक झाले असेलच.

आता मुलांच्या बाजूचेही सांगतो, नाहीतर मी त्यांचा वकील ठरेन. मुले धुतल्या तांदळासारखी नाहीत. संदर्भग्रंथांतली पाने ब्लेडने कापून नेणारे मी पकडले आहेत. दुसऱ्याला मिळू नये म्हणून पुस्तक भलत्याच मांडणीवर लपवणारे तर दर परीक्षेत असत. वाचनकक्षात समोर पुस्तक आणि मांडीवर मोबाइल, हे दृश्य खोटे नाही. हजेरी लावून पळणारेही आहेत. त्यांना जरूर बोला, दंड करा. पण एक पाहा : त्याच मुलांपैकी कितीतरी जण परीक्षेच्या आधी महिनाभर सकाळी सातला ग्रंथालयाच्या दाराशी दप्तरांची रांग लावून ठेवत. दप्तर ठेवून चहाला जात आणि दार उघडायच्या वेळी धावत परत येत, पंख्याखालची जागा मिळावी म्हणून. ज्या मुलांना गांभीर्य नाही ती जागेसाठी धावत नाहीत. सहा वाजता दिवे मालवून आपण नेमक्या या धावणाऱ्या मुलांना बाहेर काढले आहे. पळणाऱ्यांचे काहीच बिघडलेले नाही, ते आधीही येत नव्हते.

माझ्या मागण्या अशा आहेत :

१. वाचनकक्ष रविवार व सुट्ट्या धरून रात्री अकरापर्यंत पूर्ववत सुरू करावा आणि त्याच्या पाळ्या कमवा व शिका योजनेतून भरल्या जाव्यात.

२. कॅप केंद्र वाचनकक्षाबाहेर हलवावे. सिनेटचे सभागृह वर्षातले बहुतेक दिवस रिकामे असते.

३. पाठ्यपुस्तकांची खरेदी जुलैपूर्वी आणि मागणीच्या चिठ्ठ्यांवरून व्हावी. ग्रंथालय समितीवर दोन विद्यार्थी घ्यावेत, त्यांतली एक वसतिगृहात राहणारी मुलगी असावी.

४. प्रत्येक विभागाने सत्रात प्रत्यक्ष किती तास झाले याची यादी संकेतस्थळावर लावावी. विद्यार्थ्याची हजेरी जशी फलकावर लागते, तशीच ही. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना शंकानिरसनाच्या तासांचेही मानधन द्यावे.

५. उन्हाळी सत्राचे पेपर सकाळी आठ ते अकरा घ्यावेत.

६. पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागल्याशिवाय त्या विषयाचा बॅकलॉग फॉर्म व विलंब शुल्क घेऊ नये.

७. वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंत दिवे लावावेत, मुलींच्या वसतिगृहाची वेळ मुलांइतकी करावी आणि स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाच्या खिशात न राहता दारे उघडी असावीत.

८. नेमलेल्या समितीच्या कार्यकक्षेत 'विद्यापीठातील शैक्षणिक वातावरण' हा विषय घालावा. आजच्या परिपत्रकात चौकशी फक्त मुलांची आहे, जागेची नाही.

यांतल्या निम्म्या मागण्यांना पैसे लागत नाहीत. उरलेल्यांना लागतील ते प्रवेशद्वाराच्या रोषणाईतून निघतील की नाही, हे वित्त अधिकाऱ्यांनी सांगावे. महिनाभरात उत्तर आले तर मी ते ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवीन. नाही आले तर ओट्यावर आणखी एक सतरंजी टाकावी लागेल, कारण सत्र परीक्षा जवळ येत आहेत आणि कालपासून पायऱ्यांवरही बसू लागले आहेत. आपण एखाद्या संध्याकाळी मागच्या फाटकाने आलात तर भेटता येईल. खुर्ची देण्याचा प्रयत्न करीन, खात्री देत नाही.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथालय सहायक

ता. क. : समितीच्या पहिल्या बैठकीचे स्थळ दुसऱ्या परिपत्रकात 'मध्यवर्ती ग्रंथालय, वाचनकक्ष, सायंकाळी साडेसहा' असे छापले आहे. पहिल्या परिपत्रकानुसार त्या वेळी कक्षाला कुलूप असते. सदस्यांची गैरसोय झाल्यास माझा ओटा समोरच आहे.